चाकर जेवला केव्हा?



सामान्य काळातला हा सत्ताविसावा रविवार. आजचे शुभवर्तमान संत लूकच्या सतराव्या अध्यायातले आहे. प्रेषित प्रभूकडे श्रद्धा वाढवून मागतात. प्रभू त्यांना आधी मोहरीच्या दाण्याविषयी सांगतो आणि लगेच एका चाकराची गोष्ट काढतो. हा चाकर दिवसभर नांगर धरून किंवा मेंढरे राखून संध्याकाळी घरी येतो. धनी त्याला ये, बस, जेव असे म्हणतो का? नाही. आधी माझ्या जेवणाचे बघ, कंबर बांधून मला वाढ, माझे झाले की मग तू जेव, असे म्हणतो. आणि एवढे करूनही कोणी त्या चाकराचे आभार मानत नाही. तुम्हीही सगळे काही करून झाल्यावर स्वतःला तसेच समजा, असे प्रभू आपल्या शिष्यांना सांगतो.

हा उतारा दर तीन वर्षांनी येतो आणि दर वेळी आम्हाला अडचणीत टाकतो. समोरच्या बाकांवर आठवडाभर दुसऱ्याच्या रानात भांगलण करून आलेल्या बाया असतात, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या असतात, ज्यांच्या लेकी पुण्या-मुंबईला कोणाच्या तरी घरी राहून स्वयंपाक करतात अशा आया असतात. आम्हाला सकाळचा चहा हातात मिळतो. आम्ही त्यांना कोणत्या तोंडाने सांगावे की राबा आणि आभाराची अपेक्षा धरू नका? मागच्या खेपेला आम्ही मोहरीच्या दाण्यावर पंधरा मिनिटे बोललो आणि चाकराला हळूच बगल दिली. कोणाच्या लक्षात आले नाही. या वेळी तसे जमणार नाही, आणि त्याला कारण आपल्या मावशी.

धर्मगुरूनिवासात एकोणीस वर्षे स्वयंपाक केलेल्या मावशी आपणा सर्वांना ठाऊक आहेत. (पत्रिकेत नाव छापू नका असे त्यांनी बजावले आहे, म्हणून नुसते मावशी.) आम्ही मुरगूडला येऊन सहा वर्षे झाली, आमच्या आधीचे धर्मगुरू आले, बदलून गेले, मावशी होत्याच. गुडघे साथ देईनात म्हणून गेल्या मे महिन्यात त्यांनी काम सोडले. आपण रीतीप्रमाणे सत्कार ठेवला. शाल, नारळ, पाकीट, सगळे होते. मिस्सा संपल्यावर आम्ही माइकवरून मावशींना पुढे बोलावले. टाळ्या झाल्या. मावशी काही येईनात. पुन्हा बोलावले. शेवटी वेदीसेवकांतला एक पोरगा मागच्या दाराने पळत गेला.

मावशी स्वयंपाकघरात होत्या. सत्काराच्या जेवणासाठी पन्नास माणसांचा रस्सा चुलीवर होता आणि तो त्याच करत होत्या. पदराला हात पुसत आल्या, मान खाली घालून शाल घेतली. आम्ही पुढचे वाक्य बोलणार तोच कानाशी म्हणाल्या, "फादर, रस्सा बुडाला लागंल," आणि गेल्याही. सगळे हसले. आम्हीही हसलो. त्या दिवशीचा तांबडा रस्सा कसा झाला होता याला आपण सगळे साक्षी आहात.

हसू उतरायला तीन दिवस लागले. खानावळीचा डबा उघडून बसलो असताना मनात हिशेब सुरू झाला. एकोणीस वर्षांत, करोनाची दोन वर्षे वगळली, तर आपल्या धर्मग्रामाचा सण सतरा वेळा साजरा झाला. त्या सतराही वेळा सणाच्या मिस्सेला मावशी मंदिरात नव्हत्या. नोव्हेनाला असत, रोजच्या साडेसहाच्या मिस्सेला असत. सणाला नसत. कारण सणाला बाहेरगावचे धर्मगुरू येतात, पाहुणे येतात, आणि मिस्सा संपताच त्यांना पान वाढायचे असते. सणाच्या प्रवचनात आम्ही सेवाभावावर बोललो आहोत. एका वर्षी तर मार्था आणि मरियेवर. आमची मार्था त्या वेळी भिंतीपलीकडे कांदा चिरत होती.

गेल्या आठवड्यात मावशींना भेटायला गेलो. वेदगंगेच्या काठच्या एका गावी त्या लेकीकडे असतात. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे, बायबलची अक्षरे दिसत नाहीत, म्हणून कोणी गेले की येत्या रविवारचे शुभवर्तमान वाचून घेतात. आम्ही हाच उतारा वाचला. मावशी नीट ऐकत होत्या. वाचून झाल्यावर त्यांनी विचारले, "आन त्यो चाकर जेवला कवा?"

आम्ही म्हणालो, "धनी जेवल्यावर."

"मंग गारच जेवला आसंल." थोडे थांबून म्हणाल्या, "म्हंजी येशूला म्हाईत हुतं म्हणायचं."

सेमिनरीत असताना आणि नंतरही या उताऱ्यावरची बरीच भाष्ये आम्ही वाचली आहेत. चाकराच्या गार भाकरीकडे कोणाचे लक्ष गेलेले आम्हाला आठवत नाही. परत येताना आम्ही उतारा नव्याने बघू लागलो. नांगर धरणारा आणि संध्याकाळी वाढणारा माणूस एकच आहे. म्हणजे घर काही फार मोठे नव्हे. रानाला एक आणि घराला एक असे दोन गडी ठेवायची ऐपत नाही. अशा घरातल्या एकुलत्या एका गड्याची संध्याकाळ कशी असते हे प्रभूला माहीत आहे. कोण आधी जेवते, कोण मागून, कोणाचे आभार मानायचे राहून जातात, हे त्याने पाहिलेले आहे. ही रीत बरी आहे असे तो इथे म्हणत नाही. ती अशी असते, तुम्हाला ती ठाऊक आहे, एवढेच म्हणतो. लूकने इथे जो ग्रीक शब्द वापरला आहे, दुलोस, त्याचा सरळ अर्थ गुलाम. आपल्या भाषांतरांनी तो थोडा सौम्य केला आहे.

आणखी एक गोष्ट आहे, आणि आजचे सगळे सांगणे आमच्या मते त्यावर टेकलेले आहे. आपण फक्त आपले कर्तव्य केले, त्यात विशेष काही नाही, हे वाक्य प्रभू कोणाच्या तोंडी घालतो? चाकराच्या स्वतःच्या. ते "आम्ही" म्हणून म्हणायचे आहे. मराठीच्या व्याकरणात ज्याला प्रथमपुरुष म्हणतात, त्यातच ते खरे आहे. धन्याने चाकराकडे बोट दाखवून "तू काय विशेष केलेस?" असे म्हटले की तेच शब्द खोटे होतात, क्रूरही होतात. आत्मत्यागाचेही तसेच आहे. प्रभूने प्रत्येकाला स्वतःला नाकारून आपापला क्रूस उचलायला सांगितले. तो दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवून त्याला सहनशीलतेचे महत्त्व सांगायला सांगितलेले नाही. आणि प्रामाणिकपणे बोलायचे तर ख्रिस्तसभेतही शतकानुशतके हे घडले आहे. धन्यांना दानाचे प्रवचन आणि नोकरांना सोसण्याचे.

तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला ॲरिस्टॉटल होता. एवढा मोठा विचारवंत, पण गुलामाला तो जिवंत अवजार म्हणून मोकळा होतो. अवजाराशी मैत्री होत नाही, म्हणून गुलामाशी गुलाम म्हणून मैत्री होऊ शकत नाही, असे त्याचे म्हणणे. पण लगेच तो स्वतःच अडखळतो आणि म्हणतो की माणूस म्हणून मात्र होऊ शकेल. त्या वेळी परीक्षेपुरते हे पाठ केले. आता वाटते, निष्ठेचा सगळा प्रश्न त्या अडखळण्यात आहे. विळा धन्याशी एकनिष्ठ असतो असे कोणी म्हणत नाही. जो जाऊ शकतो आणि जात नाही, त्याचीच निष्ठा.

घरकाम करणाऱ्यांची आश्रयदाती म्हणून ख्रिस्तसभा संत झिटाला मानते. इटलीतल्या लुक्का गावची. बाराव्या वर्षी फातिनेल्ली नावाच्या घराण्यात चाकरीला लागली आणि ४८ वर्षे, १२७२ साली मरेपर्यंत, त्याच घरी राहिली. सुरुवातीला तिला घरातल्यांचा आणि बरोबरच्या नोकरांचाही खूप जाच झाला. पुढे सगळे घर तिच्या हाती आले. तिचा सण २७ एप्रिलला असतो. तिची एक कथा अशी की एकदा प्रार्थनेत वेळ गेला, भाकरी करायची राहिली म्हणून ती धावत घरी आली, तर देवदूतांनी पीठ मळून सगळे तयार ठेवले होते. ही कथा पहिल्यांदा वाचली तेव्हा आम्हाला परकी वाटलीच नाही. गंगाखेडची जनाबाई, लहानपणीच पंढरपुरी नामदेवांच्या घरी कामाला राहिलेली, तिच्या जात्याला स्वतः विठ्ठलाने हात लावल्याची कथा आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असते. परंपरेने नामदेवांचा जन्म १२७० चा मानतात. म्हणजे तिकडे झिटा म्हातारी होऊन गेली त्याच सुमारास इकडे ही कथा रुजू लागली. दोन्हीकडच्या भाविकांना एकच गोष्ट कळली होती: एकट्या बाईला एवढे काम उरकत नाही, कोणीतरी मदतीला यायला हवे. मात्र दोन्ही कथांत मदतीला आले ते स्वर्गातून. घरातले कोणी उठून पिठात हात घालते, अशी कथा रचणे लोकांना बहुधा त्याहून कठीण वाटले असावे.

एक धनी मात्र उठून आला. ती हकिकत आपल्या कोल्हापूरची आहे, आणि ती कथा नव्हे. राजर्षी शाहू महाराज कागलच्या घाटगे घराण्यात जन्मले, म्हणजे आपल्याच तालुक्यातल्या घराण्यात. आपल्या तलावाला ज्यांचे नाव आहे ते सर पिराजीराव त्यांचे धाकटे बंधू. महाराजांच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचे मोतद्दार होते. अस्पृश्य मानलेल्या समाजातले. एकदा सवर्ण नोकरांसाठी राखलेल्या हौदाला ते शिवले, म्हणून त्यांना बरोबरच्या नोकरांनी बेदम मारले. महाराज तेव्हा परगावी होते. ते परतल्यावर गंगारामांनी सोनतळीला जाऊन त्यांना पाठीवरचे वळ दाखवले. मारणाऱ्यांना महाराजांनी स्वतः चाबकाने फोडले असे सांगतात. तेवढ्यावर हकिकत संपली असती तर ती एका रागीट पण न्यायी धन्याची झाली असती.

महाराजांनी पुढे जे केले त्यात खरी नवलाई आहे. त्यांनी गंगारामांना चाकरीच सोडायला सांगितली, स्वतःचा धंदा काढ म्हणाले आणि त्यासाठी मदत केली. गंगारामांनी कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवर चहाचे दुकान काढले. त्यांच्या हातचा चहा प्यायला वरच्या जातींतले कोणी फिरकेना. मग महाराज फेरफटक्याला निघाले की गाडी दुकानासमोर उभी करत, मोठ्याने हाक मारून चहा मागवत, स्वतः पीत आणि बरोबरच्या सरदार-अधिकाऱ्यांनाही पाजत. नको म्हणण्याची सोय कोणाला होती! राजवाड्यात चहाला तोटा नव्हता. रस्त्यावर थांबून मागितलेला तो कप हा महाराजांचा आत्मत्याग होता. धन्याचा.

महाराज १९२२ साली वारले. त्यांचे कोल्हापुरातले पहिले स्मारक कोणी उभारले? सरदारांनी नव्हे, ज्यांच्यावर त्यांनी वतने-बक्षिसे उधळली त्यांनीही नव्हे. गंगारामांच्या पुढाकाराने दलित समाजाने ते नर्सरी बागेत उभारले. तेव्हा गंगाराम कोणाचे चाकर नव्हते. चाकरी केव्हाच सुटली होती. ज्याने आपल्याला मोकळे केले त्याला हा मोकळा माणूस विसरला नाही, आणि आजच्या प्रवचनासाठी निष्ठेचे याहून चांगले उदाहरण आम्हाला सापडले नाही.

त्या कपावरून आम्हाला एक दुसरा कप आठवला. आपल्यापैकी ज्यांच्या घरी भांड्याला बाई येते त्यांनी संध्याकाळी आपल्या खिडकीत, नाहीतर मोरीच्या कट्ट्यावर, एकवार पाहावे. कडेला एक वेगळा कप असतो. कान तुटलेला, पालथा ठेवलेला. आम्ही कोणाच्या घराकडे बोट दाखवत नाही. आपल्या धर्मगुरूनिवासातही एक स्टीलचा पेला असाच वेगळा होता. मावशी त्यातच चहा पीत, उंबऱ्याशी बसून. असे करा म्हणून आम्ही कधी सांगितले नव्हते. असे का करता म्हणून कधी विचारलेही नाही. सहा वर्षे तो पेला आमच्या डोळ्यांसमोर होता. ज्या मंदिरात एकाच कपातून ख्रिस्ताचे रक्त अर्पण होते, त्याच्या भिंतीला भिंत लावून.

कोणी म्हणेल, फादर, असे बोलून तुम्ही कामवाल्या बायांना शेफारून ठेवाल, मग कसली निष्ठा आणि कसले काय. ही शंका जुनी आहे. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी आपणहून काम बंद ठेवले, पगारवाढ मागितली, सुट्टी मागितली, तेव्हाही अनेक घरांतून हेच ऐकू आले असणार. त्या बाया घरे लुटून पळाल्या नाहीत. त्या कामावर परतल्या, आणि त्यांची संघटना उभी राहिली. पुढे महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, २००८ साली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठीचा करार १६ जून २०११ रोजी जिनिव्हात मंजूर केला. घरकाम हे काम आहे, उपकारावर चालणारी रीत नव्हे, एवढी साधी गोष्ट कागदावर यायला एवढी वर्षे गेली. आपल्या राज्याच्या कायद्याखाली १८ ते ६० वयाच्या कामगाराची नोंदणी करता येते. मावशींची नोंदणी करावी हे आम्हाला सुचले तेव्हा कागदपत्रे काढून पाहिली. त्यांची साठी दोन वर्षांपूर्वीच उलटली होती. हा दोष आमचा. सेवाभावावर प्रवचन करणाऱ्या माणसाने एक अर्ज भरायला हवा होता. ज्यांच्या घरातून कोणी घरकामाला जाते त्यांनी आधार कार्ड आणि वयाचा दाखला घेऊन यावे. अर्ज भरायला आम्ही मदत करू.

आजच्या उताऱ्याकडे परत येऊ. या वर्षी आपण लूकचेच शुभवर्तमान वाचत आहोत. ऑगस्टात बाराव्या अध्यायातला उतारा झाला तो आठवून पाहा. तिथेही धनी आहे, चाकर आहेत, रात्र आहे. धनी लग्नाहून उशिरा परततो, आणि चाकर जागे दिसले की तो स्वतः कंबर बांधतो, त्यांना जेवायला बसवतो आणि वाढू लागतो. आजच्या गोष्टीत कंबर बांधायची ती चाकराने, तिथे धन्याने. लूकने दोन्ही आपल्यासमोर ठेवल्या आहेत. पहिली गोष्ट जगात काय चालते ती. दुसरी, आपला धनी कसा आहे ती. आणि शेवटच्या भोजनाच्या रात्री त्या धन्याने वाढण्यावरही भागवले नाही, घरातल्या सर्वांत खालच्या चाकराचे काम, पाय धुण्याचे, स्वतः केले. पेत्र नको म्हणाला. कुठल्याही भल्या माणसाला ते अवघडच जाते.

आता एक सूचना, आणि तिला प्रवचनाचाच भाग समजावे. येत्या सणाला मिस्सेच्या वेळी स्वयंपाकघर बंद राहील. तरुण मंडळाने भात आणि भाजी आदल्या रात्री आणि पहाटे करून ठेवायचे कबूल केले आहे. भाकरी ज्या त्या घरून पाच-पाच याव्यात. पाहुण्या धर्मगुरूंना आम्ही कळवले आहे की जेवण अर्धा तास उशिरा मिळेल. एकाने हसून विचारले की मुरगूडला काय चमत्कार झाला. पंगतीत पाणी आणि रस्सा आम्ही स्वतः वाढणार आहोत. भाकरी थापायला येत नाही, ते आता या वयात शिकणे नको. मावशींना आणायला जीप जाईल. पहिल्या बाकावरची कडेची जागा त्यांच्यासाठी ठेवावी, म्हणजे गुडघा लांब करता येईल.

मावशी यायला तयार झाल्या आहेत. एकच अट घातली आहे: रश्शाचा मसाला त्या स्वतः कांडून आधी पाठवणार. आम्ही नको म्हणालो, बाजारचा आणू म्हणालो. "तुमी चाखून बघितला का कदी बाजारचा?" असे विचारून त्यांनी लेकीला मिरच्या वाळत घालायला सांगितले.